छोट्या प्लेसर खाणीत काम संपल्यावर एकदम भरणी केली तर चालेल का? पाण्याचा निचरा कसा आखावा?

तुमचं काम ओढ्याकाठची रेव धुऊन सोनं काढायचं, एक पोकलेन आणि एक स्लूस (रेव पाण्यानं धुऊन सोनं अडवणारी लांब पन्हळ) एवढ्यावर चालणारं. शेवटी खड्डे बुजवून जमीन सारखी करू, असा बेत दिसतो.

नका करू. पर्यावरण क्षणभर बाजूला ठेवा, हिशेबातच ते बसत नाही. सगळं शेवटावर ठेवलं की प्रत्येक बादली दोनदा उचलावी लागते, आणि दुसऱ्यांदा उचलताना सोनं संपलेलं असतं, डिझेल तेवढंच लागतं. त्यापेक्षा खड्ड्यांचा क्रम लावा. पहिल्याचा माल बाजूला, दुसऱ्याचा पहिल्यात, तिसऱ्याचा दुसऱ्यात. शेवटच्या खड्ड्यासाठी पहिला ढीग असतोच. वरची काळी माती, तिच्याखालची बिनसोन्याची माती आणि धुतलेले गोटे यांचे ढीग वेगळे ठेवा, आणि तेही पूररेषेच्या वर. भरताना उलटा क्रम: गोटे तळाला, काळी माती सर्वांत वर.

आता पाणी. नवशिक्यांचा आराखडा बहुतेक इथेच फसतो. स्वच्छ पाणी आणि गढूळ पाणी एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. डोंगरउतारावरून येणारं पावसाचं पाणी खड्ड्यात शिरलं की तेही गढूळ होतं आणि निवळायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून वरच्या बाजूनं वळणचर आधी खणा, खाण नंतर. ओढाच वळवायचा असेल तर नवा मार्ग कोरडा असतानाच पूर्ण करा, वळणावर दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर) करा आणि मगच पाणी सोडा.

स्लूसमधून येणारं पाणी तळ्यात निवळायचं. तळं खोल केलं की पाणी जास्त स्वच्छ होतं, हा समज फार पसरलेला आहे. खोली साठलेला गाळ ठेवायला लागते. निवळणं ठरतं पृष्ठफळावर. कणाचा व्यास दहापट लहान झाला की तो शंभरपट हळू बसतो. ०.०२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण ०.३५ मिलिमीटर खाली जातो. तुमचा प्रवाह सेकंदाला ५० लिटर असेल, तर हा कण अडवायला कागदावर सुमारे १४० चौरस मीटर तळं पुरतं. प्रत्यक्षात पाणी घुसळतं, एका कडेनं सरळ निघून जातं, म्हणून मी दुप्पट धरतो. पण ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीला एक मीटर खाली जायलाच तीन दिवस लागतात. तिच्यासाठी लागेल तेवढं तळं छोट्या खाणीत मावणारच नाही. मग उपाय एकच: ते पाणी ओढ्यात सोडूच नका, पंपानं पुन्हा स्लूसवर घ्या. एक मोठं तळं करण्याऐवजी एकामागे एक दोन-तीन करा. पहिल्यात वाळू आणि जाड गाळ पडतो, ते अधूनमधून उपसता येतं. सांडवा मात्र प्रत्येक बांधाला हवा, तोही दगड लावलेला. मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहायला लागलं की तो फार वेळ टिकत नाही, आणि मोसमभर साठवलेला गाळ एका रात्रीत ओढ्यात जातो.

गाळ ओढ्यात गेला तर काय होतं, हे कॅलिफोर्नियात दिसलं आहे. तिथे पाण्याच्या माऱ्यानं अख्ख्या टेकड्या धुतल्या गेल्या, नद्यांचे तळ वर आले आणि खालची शेतं पुराखाली गेली. अखेर १८८४ मध्ये न्यायालयानं राडारोडा नदीत सोडायला बंदी केली. ती खाणकामं तुमच्यापेक्षा अवाढव्य होती, हे खरं. पण बारीक गाळ माशांच्या अंड्यांवर बसायला खाण मोठी असावी लागत नाही.

तळ्यातला हा साका फेकून मात्र देऊ नका. धुतलेल्या गोट्यांत ओल धरणारं काहीच उरलेलं नसतं, म्हणून जुन्या प्लेसर खाणींचे ढीग वर्षानुवर्षं उघडेबोडके दिसतात. साका भरावावर पसरला तर मुळांना धरायला काहीतरी मिळतं. ओढ्याचा नवा तळ बांधतानाही तो रेवेत मिसळावा लागतो, नाहीतर पाणी गोट्यांमधून झिरपून जातं आणि उन्हाळ्यात ओढा भरावाखालून वाहतो.

ओढा पुन्हा मूळ जागी आणताना सरळ करायचा मोह होतो. समजा ३०० मीटर वळणावळणाच्या वाटेत तो ३ मीटर उतरत होता, म्हणजे उतार १ टक्का. तीच वाट २०० मीटर सरळ केली की उतार दीड टक्का, आणि पुढच्या पुरात तो तळ खरवडणार. म्हणून खणण्याआधीच लांबी, उतार आणि काठाची रुंदी मोजून ठेवा, फोटो काढा. काम सुरू झाल्यावर हे मोजायला काही शिल्लक नसतं.

भरावाचा पृष्ठभाग डोजरनं गुळगुळीत करू नका. खडबडीत राहू द्या, खळग्यांत पाणी आणि बिया दोन्ही अडकतात. काठावर वाळुंजासारख्या, फांदीपासून रुजणाऱ्या झाडांच्या काठ्या खोचा.

आणि जागा पूर्वी कुणी धुतलेली असेल तर तळखडकाजवळच्या मालाची पाऱ्यासाठी आधी तपासणी करून घ्या. जुन्या काळी बारीक सोनं पकडायला पारा सर्रास वापरत. तो सापडला, तर वर साका पसरण्याबद्दल लिहिलंय ते तुमच्या जागेला लागू नाही.