बी-१ व्हिसावर येणाऱ्या उद्योजकाने अमेरिकेत बँक खाते कसे उघडावे?

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आपली मशीनिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, ओहायो आणि मिशिगनमधील ग्राहकांच्या भेटीसाठी आपण बी-१ या व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर वरचेवर अमेरिकेत येता आणि पुढे येथे कंपनी स्थापन करून एल-१ या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर सहकुटुंब स्थलांतर करण्याचा आपला विचार आहे, असे आपण कळवले आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसताना येथे बँक खाते उघडता येते का, आणि उघडता येत असल्यास ग्राहकांचे पैसे त्याच खात्यात घ्यावेत का, असे आपले दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर ठाम नकारार्थी आहे, आणि माझ्या मते आपण अधिक विचार याच दुसऱ्या प्रश्नाचा करायला हवा.

बी-१ व्हिसावर बैठका, वाटाघाटी, करारमदार, प्रदर्शने आणि परिषदा यांना मुभा असते. येथे नोकरी करता येत नाही. बँकेत खाते उघडण्यास हा व्हिसा कोणतीही आडकाठी करत नाही. ग्राहकाची ओळख पटवण्याचा जो नियम येथील बँकांना लागू आहे, त्यानुसार नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळख क्रमांक घेणे बंधनकारक आहे. परदेशी नागरिकाच्या बाबतीत हा क्रमांक पासपोर्टचा असला तरी चालतो. मात्र हा कायद्याने ठरवलेला किमान निकष झाला. त्यापलीकडे कोणाचे खाते उघडायचे हे बँक स्वतः ठरवते, आणि एकाच बँकेच्या दोन शाखांत दोन वेगळी उत्तरे मिळणे येथे मुळीच नवलाचे नाही. ऑनलाइन अर्ज बहुधा सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या रकान्यापाशीच अडतो. त्यामुळे आधी फोन करून वेळ घ्यावी, अनिवासी व्यक्तीचे खाते ही शाखा उघडते का हे विचारावे आणि स्वतः जावे. परदेशी नागरिकांची ये-जा जेथे जास्त असते, अशा शाखेतील कर्मचाऱ्यांना ही कागदपत्रे परिचयाची असतात. न्यू जर्सीत एडिसनच्या परिसरात किंवा मोठ्या विद्यापीठांजवळ हा फरक लगेच जाणवतो. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ या अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची छापील प्रत, ओळखीचा दुसरा पुरावा आणि कोल्हापूरच्या पत्त्याचा इंग्रजी पुरावा सोबत असू द्यावा. प्रवासाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच शाखेत जाणे श्रेयस्कर, कारण डेबिट कार्ड बहुतेक वेळा टपालाने येते आणि ते येईपर्यंत आपण परत निघालेले असता.

पत्त्याच्या बाबतीत मी आपणास कळकळीने सांगतो की येथील नातेवाइकाचा पत्ता स्वतःचा निवासी पत्ता म्हणून देऊ नये. पत्रव्यवहारासाठी तो देण्यास बँकेची हरकत नसेल तर तसे स्पष्ट सांगून द्यावा, पण निवासी पत्ता म्हणून आपण खरोखर राहता तो भारतातलाच लिहावा. याचा थेट संबंध डब्ल्यू-८बेन या अर्जाशी आहे. आपण अमेरिकेचे करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने येथील रहिवासी, नाही, असे या अर्जाद्वारे आपण बँकेला लेखी कळवता; त्यात कायमचा पत्ता भारताचा आणि परदेशी कर क्रमांकाच्या जागी आपला पॅन येतो. बँकेच्या दफ्तरी मात्र अमेरिकेचा निवासी पत्ता असेल, तर दोन कागद एकमेकांशी विसंगत ठरतात आणि बँक खुलासा मागते. हा अर्ज दिलेलाच नसेल, तर व्याजातून २४ टक्के कर कापला जाऊ शकतो. तो योग्य रीतीने दिला असेल, तर अनिवासी व्यक्तीला बँकेतील ठेवीवर मिळणाऱ्या साध्या व्याजावर अमेरिका सहसा कर आकारत नाही. भारतात मात्र ते व्याज करपात्र असते. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत हा अर्ज साधारणपणे ग्राह्य राहतो, त्यानंतर नवा द्यावा लागतो.

आता पैशांविषयी. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या भारतीय खात्यातून रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यासाठी परदेशात खातेही ठेवता येते. बँक परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ अर्ज आणि पॅन घेते. अशा खात्यात भरण्यासाठी पाठवलेली रक्कम वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेली, की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ गोळा केलेला आयकर, वसूल होतो. विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळत असले, तरी तोवर तेवढे पैसे अडकून पडतात. न वापरता पडून राहिलेली रक्कम १८० दिवसांत परत आणण्याचा नियमही २०२२ पासून लागू आहे, म्हणून या खात्यात प्रवासखर्चापुरतेच पैसे ठेवावेत. रोख आणून भरण्याचा विचार करू नये: एका प्रवासात सामान्यतः ३,००० डॉलरपर्यंतच्याच नोटा सोबत आणता येतात. खरे पाहता, वर्षाकाठी एखाददुसरी भेट असेल तर भारतात घेतलेले फॉरेक्स कार्ड पुरते आणि खात्याची गरजही भासत नाही. आपले स्थलांतर निश्चित होत आले आहे, म्हणूनच खाते आधीपासून असण्याचा उपयोग होईल असे मी म्हणतो.

ग्राहकांचे पैसे या वैयक्तिक खात्यात का घेऊ नयेत, हे नीट समजून घ्यावे. माल आपल्या कंपनीने निर्यात केलेला असतो; शिपिंग बिल कंपनीच्या नावाने असते आणि त्या बिलापोटी आलेले डॉलर कंपनीच्याच बँकेमार्फत आले, अशी नोंद रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत जुळावी लागते. ते डॉलर संचालकाच्या अमेरिकेतील बचत खात्यात जमा झाले, तर निर्यातीचे पैसे आलेच नाहीत असे चित्र उभे राहते आणि फेमा (परकीय चलन कायदा), जीएसटी व आयकर अशा तिन्ही बाजूंनी प्रश्न उपस्थित होतात. एलआरएस योजना केवळ व्यक्तींसाठी आहे, कंपनीसाठी नाही. त्यामुळे तिचा आधार येथे घेता येत नाही. ग्राहकाने कोल्हापुरातील कंपनीच्या खात्यात किंवा ईईएफसी, म्हणजे निर्यातदाराच्या भारतातील परकीय चलन खात्यात, वायरने पैसे पाठवावेत, हा सर्वांत सरळ मार्ग आहे. निर्यातदार कंपनीला स्वतःच्या नावाने परदेशातील बँकेत परकीय चलन खाते उघडण्याची परवानगीही रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये दिली. त्यातून आयातीची देणी भागवता येतात, आणि उरलेली रक्कम नियमात ठरलेल्या मुदतीत भारतात आणावी लागते. हा पर्याय आपल्या भारतीय बँकेशी बोलून, तिच्या लेखी संमतीनंतरच स्वीकारावा.

येथे कंपनी काढली की तिचे खाते वेगळे. त्यासाठी ईआयएन हा कर क्रमांक लागतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या परदेशी व्यक्तीला तो ऑनलाइन मिळत नाही, एसएस-४ अर्ज फॅक्सने किंवा टपालाने पाठवावा लागतो, किंवा अमेरिकेबाहेरून फोन करून मागवता येतो. एकट्या परदेशी मालकाची एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) असेल, तर उत्पन्न शून्य असले तरी मालकाने भरलेले भांडवलसुद्धा अमेरिकी करखात्याच्या फॉर्म ५४७२ मध्ये दाखवावे लागते आणि तो न भरल्यास दंड २५,००० डॉलर आहे. स्वस्तात एलएलसी काढून देणाऱ्या जाहिरातींत हे क्वचितच सांगितले जाते. भारताच्या बाजूने हे भांडवल म्हणजे परदेशात केलेली थेट गुंतवणूक ठरते, त्यामुळे पैसे पाठवण्यापूर्वी आपल्या बँकेकडे फॉर्म एफसी भरून युनिक आयडेंटिफिकेशन क्रमांक घ्यावाच लागतो. तो नंतर घेऊ, असे म्हणून चालत नाही.

आपल्या भारतीय विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे शेड्यूल एफए, भरणे विसरू नये. शिल्लक अगदी थोडी असली तरी खाते जाहीर करावे लागते, माहिती कॅलेंडर वर्षाप्रमाणे द्यावी लागते आणि आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ चालत नाही. काळा पैसा कायद्याखाली न जाहीर केल्याचा दंड १० लाख रुपये आहे. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या, स्थावर सोडून इतर मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण जाहीर करण्याचे बंधन कायम आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात २०१५ साली माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झालेला असल्याने, खाते कोणाच्या नजरेस येणार नाही असे समजू नये.

शेवटी दिवसांच्या मोजणीबद्दल, कारण वरचेवर येणाऱ्या उद्योजकांकडून तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. चालू वर्षातील सर्व दिवस, गतवर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस येथे घालवलेले असले, तर आपण अमेरिकेचे करनिवासी ठरू शकता. बी-१ वर घालवलेले दिवसही त्यात धरले जातात. एल-१ वर आल्यावर तर हे होणारच. त्या दिवसापासून डब्ल्यू-८बेन निरुपयोगी होतो, बँकेला ३० दिवसांत कळवून करनिवासी व्यक्तीचा डब्ल्यू-९ अर्ज द्यावा लागतो आणि भारतातील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर ती एफबार या परदेशी खात्यांच्या अहवालात दाखवावी लागते. त्यासाठी प्रत्येक भारतीय खात्याची वर्षातील सर्वोच्च शिल्लक आतापासूनच नोंदवून ठेवावी. सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळताच तो जुन्या खात्याला जोडून घ्यावा. मधल्या काळात खात्यात वर्षातून एकदा तरी स्वतः व्यवहार करावा, कारण बहुतेक राज्यांत तीन ते पाच वर्षे हालचाल नसलेली शिल्लक बँक राज्य सरकारच्या ताब्यात देते, आणि कोल्हापुरात बसून ती परत मागणे फार वेळखाऊ असते.