आधी आकाश ठरव

प्रिय मुली,

तुझ्या चित्राचा फोटो काल रात्री तीनदा उघडून पाहिला. पडका मठ, ओकची उघडी झाडं, खाली बर्फ. तू विचारतेस, बर्फ चुना फासल्यासारखा का दिसतो, दुसरा कुठला पांढरा घेऊ? पांढरा बदलून काही होणार नाही, टायटॅनियमच राहू दे. आकाश तू सगळ्यात शेवटी रंगवलंस. फांद्यांच्या कडेकडेने निळा रंग चाचपडत फिरलाय, त्यावरून कळतं.

आधी आकाश ठरव. बर्फाला स्वतःचा उजेड नसतो, तो आकाशाकडून उसना घेतो. ढगाळ दिवशी सगळा उजेड वरूनच येतो, मग जमिनीवरचा बर्फ त्या आकाशाहून उजळ कसा असेल? शेजारी काळे बुंधे असतात म्हणून तो तसा वाटतो, एवढंच. ऊन असेल तर उन्हातला बर्फ निळ्या आकाशाहून उजळ, पण सावल्यांत तेच निळं उतरतं. दोन्ही वेळा विचारायचं आकाशालाच.

ज्याचं चित्र तू समोर ठेवलंयस त्या जर्मन चित्रकाराकडे, कास्पार डाव्हिड फ्रीडरिखकडेच बघ ना! १८०९-१० सालचं ते ‘ओकच्या रानातला मठ’. वरचं आकाश पिवळसर उजळ, आणि खाली धुकं इतकं दाट की जमिनीवरचा बर्फ मळकट झालाय. बर्लिनला मी त्या चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. एल्डेनाचा तो विटांचा मठ खरा आहे, जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड गावाजवळ. पण त्याच्याभोवतीचं रान फ्रीडरिखने आपल्या स्केचेसमधून ड्रेस्डेनच्या स्टुडिओत रचलं. त्या स्टुडिओचं चित्र त्याच्या मित्राने, केर्स्टिंगने, १८११ मध्ये काढलंय. खिडकीचा खालचा भाग बंद आहे. रस्ता नको, नदी नको, फक्त वरचा उजेड हवा.

लाज का वाटली ते सांगतो. तरुणपणी जानेवारीत काश्मीरला जाऊन मार्तंडचं पडकं मंदिर बर्फात पाहिलं होतं. परत आल्यावर चार महिने एकेक दगड रंगवत बसलो आणि आकाश पॅलेटवर उरलेल्या निळ्यात एका दुपारी उरकलं. मंदिर कागदातून कापून चिकटवल्यासारखं दिसत होतं. ते विकलं गेलं. कुणाच्या तरी भिंतीवर ते आजही असेल, आणि मला ते खरडून काढता येत नाही.

त्यानंतर मी कधी वाकलो नाही. एका गिऱ्हाइकाला बर्फ ‘अजून पांढरा’ हवा होता. मी आगाऊ घेतलेले पैसे परत केले, तेही माझ्या मुलीच्या फीच्या महिन्यात. घरात बोलणी खाल्ली. लोक याला माज म्हणाले. अगं, त्या आकाशाखाली तो बर्फ पांढरा होऊच शकत नव्हता, मी काय करणार होतो?

तेव्हा आता खरड सगळं. बर्न्ट अंबर, तो गडद तपकिरी, टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर फिरव. मग अल्ट्रामरीन निळा, अंबर आणि पांढरा यांतून आकाशाचे तीन करडे पॅलेटवर लाव. बर्फ त्याच तिघांतून निघेल, नवी ट्यूब उघडायची नाही. तू सरळ भिंतीवरही बर्फ थापलायस. तो तिथे टिकतो का? तो बसतो खिडकीच्या तळाशी, तुटक्या कमानीच्या पाठीवर, बाहेर आलेल्या विटेवर. उभी भिंत गडदच राहू दे. अगदी शेवटच्या उजळ ठिपक्यांना जवसाऐवजी करडईचं तेल घे, ते कमी पिवळं पडतं. पण सुकतं सावकाश, म्हणून खालच्या थरात अजिबात नको.

पुढच्या वेळी फोटो फक्त आकाशाचा पाठव. त्यात मठाची एक जरी वीट दिसली तरी मी उत्तर देणार नाही.