माझ्या वहीत तो शेवटचा आलाय, चुकलं का माझं?

वाचकांचे सिनेमाविषयीचे प्रश्न, या वेळी सांगली-साताऱ्याकडून आलेले

प्रश्न: नमस्कार सर, मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ५२. मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून दुपार मोकळी असते म्हणून त्याने मला साइट अँड साउंड या ब्रिटनमधल्या मासिकाची २०२२ ची यादी दिली, समीक्षकांनी निवडलेले जगातले सगळ्यात भारी १०० सिनेमे. दीड वर्षात ३१ बघून झाले, जसे मिळतील तसे. एका वहीत मी माझे स्वतःचे नंबर लावत गेले, नवीन बघितला की खोडायचं आणि परत लावायचं. आज माझा पहिला बायसिकल थीव्हज, दुसरा पथेर पांचाली, तिसरा सिंगिंग इन द रेन. सिटिझन केन १९ वा, टोकियो स्टोरी २४ वा. आणि त्यांच्या यादीत जो पहिला आहे तो झान डीलमन माझ्याकडे ३१ वा, म्हणजे शेवटचा. एक बाई तीन दिवस घरकाम करते, बटाटे सोलते, भांडी घासते, कॅमेरा जागचा हलत नाही. हे मी रोज करते हो, ते बघायला साडेतीन तास कशाला द्यायचे? मी तो चार दिवसांत तुकड्यातुकड्यानं बघितला, मोबाइल ओट्यावर ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजत. आमच्या भिशीतल्या एकीच्या मिस्टरांना सिनेमाची बरीच माहिती आहे, ते वही चाळून म्हणाले, वहिनी, नंबर लावायला आधी सिनेमा कळावा लागतो. तेव्हापासून वही कपाटात आहे. खरं सांगा, माझं काही चुकतंय का?

उत्तर: ताई, आधी ती वही कपाटातनं बाहेर काढा. दीड वर्ष ३१ सिनेमे बघून, खोडून, परत लावून जे माणूस बसतं त्याला सिनेमा कळत नाही असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही, आणि ते ऐकून तुम्ही वही बंद केलीत याचं मला फार वाईट वाटलं.

ती यादी होते कशी तेवढं बघा, म्हणजे निम्मी भीती तिथंच जाईल. ते मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारतं, तुमचे दहा सिनेमे सांगा. प्रत्येकानं दहा नावं द्यायची, त्यातलं पहिलं कुठलं आणि दहावं कुठलं हे मोजतच नाहीत, एका नावाला एक मत, मग नुसती बेरीज. २०१२ ला ८४६ जणांनी मतं दिली आणि व्हर्टिगो पहिला आला तो १९१ मतांवर. म्हणजे उरलेल्या ६५५ जणांच्या दहात तो नव्हताच! जगातल्या सगळ्या जाणकारांनी एकमतानं ठरवलंय आणि मी एकटीच वेगळी पडले असं जे तुम्हाला वाटतंय ना, तसं तिथं काही झालेलंच नाहीये. ते जाणकारसुद्धा आपापसात तुमच्याइतकेच वेगळे आहेत.

आणि तुमचा पहिला नंबर बघा. १९५२ च्या पहिल्याच यादीत पहिला बायसिकल थीव्हजच होता, तेव्हा तो सिनेमा जेमतेम चार वर्षांचा. नंतर १९६२ पासून २००२ पर्यंत पाच वेळा सिटिझन केन, २०१२ ला व्हर्टिगो, २०२२ ला झान डीलमन, आणि तोवर बायसिकल थीव्हज ४१ वर गेलेला. रोममधला तो बाप तोच आहे, ते पोर तेच आहे, बघणारे बदलले. २०२२ ला मतं देणारे १६०० च्या वर होते, २०१२ च्या जवळजवळ दुप्पट, मग यादी हलणारच की.

आता झान डीलमनबद्दल. नंबर बदला असं मी म्हणणार नाही, पण एक विनंती आहे, तो एकदा सलग बघा. कारण सांगतो. पहिल्या दिवशी ती बाई खोलीतनं बाहेर पडताना दर वेळी दिवा बंद करते, पैसे टेबलावरच्या सूपच्या भांड्यात ठेवून झाकण लावते, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. हे बघायला कंटाळा येतो हे खरंय, पण तो दिवस आपल्याला तिच्या घराची शिस्त शिकवत असतो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि ती ते पातेलं हातात धरून घरभर फिरते, कुठं ठेवावं, काय करावं सुचत नाही तिला. पहिला दिवस तुमच्या डोक्यात ताजा असेल तर तिथं पोटात खड्डा पडतो, कारण भाजी बिघडलेली नसते, बाई बिघडायला लागलेली असते. चार दिवसांत तुकडे करून बघितलं की पहिला दिवस विसरलेला असतो, मग ते पातेलं नुसतं पातेलं राहतं. आणि ताई, हे रोज करणाऱ्या बाईला ती चूक कुठल्याही समीक्षकाच्या आधी दिसेल याबद्दल मला शंका नाही. शांताल आकरमान ही दिग्दर्शिका हा सिनेमा आला तेव्हा, १९७५ ला, पंचविशीची होती, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाची असेल साधारण. तिनं बायकांचं काम पडद्यावर पूर्ण वेळ देऊन दाखवलं, मध्येच कापलं नाही, आणि मला त्याचं आजही फार अप्रूप आहे. २०१ मिनिटं म्हणाल तर आपण सांगलीची माणसं आहोत, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते या गावात, आणि आपले आजोबा-पणजोबा संगीत नाटकाला रात्र रात्र बसायचे, वन्समोअर देत. आपल्याला बसायची सवय आहे. एखाद्या रविवारी स्वयंपाकाला सुट्टी द्या, मोबाइल नको, टीव्हीवर लावा. तरीही ३१ वाच राहिला तर राहू दे.

केन १९ वा, त्यावर मी वाद घालत नाही. टोकियो स्टोरीवर मात्र मला बोलायचंय.

मी तो सव्विसाव्या वर्षी बघितला आणि माझ्याकडेही तो खालीच होता. म्हातारं जोडपं गावाकडनं मुलांकडे टोकियोला येतं, मुलांना वेळ नाही, मग मुलं वर्गणी काढून त्यांना अटामीच्या हॉटेलात पाठवून देतात. मला वाटलं, बरं मग? पुढं मी पुण्याला नोकरीला होतो, दोन खोल्यांचं घर, मुलीची परीक्षा, आणि आईबाबा सांगलीहून आले महिनाभर राहायला. दहाव्या दिवशी मी त्यांना अष्टविनायकाच्या बसमध्ये बसवून दिलं. आईला किती आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगत होतो. काही वर्षांनी, आई गेल्यावर, तो सिनेमा परत लावला आणि अटामीच्या हॉटेलात रात्री बाहेरच्या गोंगाटानं ती दोघं जागी पडलेली दिसली तेव्हा मला पुढं बघवेना. आई त्या बसमधनं उतरली तेव्हा तिच्या चपला हातात होत्या, पाय सुजले होते म्हणून. ते मी तेव्हा बघितलं होतं आणि विचारलं नव्हतं. दिग्दर्शक ओझू १९६३ ला वारला, सिनेमा १९५३ चा, आणि माझ्या आईची चप्पल त्यात कशी आली मला सांगता येणार नाही. आता तो माझ्याकडे पहिला आहे.

म्हणून एकच करा, नंबरापुढं तारीख घाला. खोडलेला नंबर पुसू नका, त्यावर एक रेघ मारा म्हणजे खालचा वाचता येतो.

प्रश्न: सर, मी साताऱ्याचा, हायस्कूलला शिक्षक आहे. त्या शंभरात भारतातला एकटा पथेर पांचाली, तोही ३५ वा. मराठी तर एकही नाही. आपण आपली वेगळी यादी करायला नको का?

उत्तर: करायलाच पाहिजे, आणि ती चिडून नको, प्रेमानं करू. मतं देणाऱ्यानं सिनेमा बघितलेला असला तरच तो त्याच्या दहात येणार, आणि आपले जुने सिनेमे चांगल्या प्रतीत, चांगल्या सबटायटल्ससकट बाहेर पोचलेच किती? तिथं आपण कमी पडलो. माझ्या यादीत पहिला प्रभातचा संत तुकाराम, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा, १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. सगळे विष्णुपंत पागनिसांबद्दल बोलतात, बरोबरच आहे, पण मी दर वेळी गौरींची जिजाई बघायला बसतो. पोर आजारी, आणि ती हातात वहाण घेऊन देवळात विठोबापुढं उभी. एवढ्या भक्तीच्या सिनेमात संसाराची बाजू मांडायला तिला पूर्ण जागा दिलीय, आणि तिचं ऐकताना ती चुकीची आहे असं एकदाही वाटत नाही. दुसरा सामना, जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, तो १९७५ ला बर्लिनच्या स्पर्धेत होता. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसाला निळूभाऊंचा हिंदुराव समजावून सांगायला लागत नाही. आणि त्यांच्यासमोर मास्तर झालेले डॉक्टर लागू तर जन्मानं साताऱ्याचेच, ते तुमच्या वर्गात सांगा. तिसऱ्या नंबरवर माझं अजून ठरत नाहीये, मुलांना विचारून त्यांची नावं पाठवाल का?

प्रश्न: मुलगा आठवीत आहे, जुना कृष्णधवल सिनेमा लावला की उठून जातो. त्या यादीतला कुठला दाखवू? (मिरज)

उत्तर: बस्टर कीटनचा शर्लॉक ज्युनियर. १९२४ चा, मूकपट, पाऊण तासाचा, सबटायटल्स वाचायची कटकट नाही. थेटरात सिनेमा दाखवणारा एक पोरगा मशीनपाशी झोपतो आणि स्वप्नात थेट पडद्यात शिरतो, आणि पडद्यावरचं चित्र त्याच्या पायाखालनं बदलत राहतं, बसायला जावं तर बाक गायब. आधी काही सांगू नका, जेवताना नुसता लावून ठेवा. तो जागेवर बसून राहिला तर पुढच्या रविवारी चॅप्लिनचा सिटी लाइट्स.