लॉर्ड नेस आणि लॉर्ड मेयो: 1867 नंतरही कॉमन्समध्ये कसा?

पुढे लॉर्ड मेयो म्हणून भारताचा व्हाइसरॉय झालेला रिचर्ड बर्क 1867 साली मेयोचा सहावा अर्ल, म्हणजे उमराव झाला, तरी 1868 पर्यंत ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, कॉमन्समध्ये, खासदार म्हणून दिसतो. उमरावांची जागा तर वरिष्ठ सभागृहात, लॉर्ड्समध्ये. ही नोंद चुकीची आहे का, असं विचारलंय. नोंद बरोबर आहे.

तो आयर्लंडचा उमराव होता, आणि त्यांचा नियम वेगळा. 1801 च्या ब्रिटन-आयर्लंड एकीकरणानंतर आयरिश उमरावांना सरसकट लॉर्ड्समध्ये जागा नव्हती. त्यांनी आपल्यातले 28 जण तहहयात निवडून पाठवायचे. उरलेल्यांना कॉमन्सची निवडणूक लढवता यायची, मात्र आयर्लंडमधल्या मतदारसंघातून नाही. पामर्स्टन पंतप्रधान असतानाही कॉमन्समध्ये बसायचा तो याच वाटेने. आता बर्कच्या जागा बघा: 1847 पासून किल्डेअर, 1852 पासून कोलरेन, 1857 पासून कॉकरमाउथ. पहिल्या दोन आयर्लंडमधल्या, तिसरी इंग्लंडमधली. वडील वारले तेव्हा तो कोलरेनचा खासदार असता, तर जागा गेली असती.

1849 ते 1867 च्या कागदांत शोधताना 'लॉर्ड नेस' हे नाव घ्या (नास लिहितात, उच्चार नेस). अर्लच्या थोरल्या मुलाला ते मानाचं नाव असे. कायद्याच्या लेखी तो सामान्य नागरिकच.

'चीफ सेक्रेटरी'चं भाषांतर 'मुख्य सचिव' करू नका. आपल्याकडे तो सनदी अधिकारी. डब्लिनमधला चीफ सेक्रेटरी राजकीय मंत्री असे आणि आयर्लंडच्या कारभाराबद्दल कॉमन्समध्ये उत्तर देई. बर्कने हे पद तीनदा सांभाळलं: 1852, 1858-59, 1866-68. शेवटच्या खेपेला फेनियनांचा (आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या क्रांतिकारकांचा) 1867 चा उठाव त्याच्याच काळात झाला. माझ्या मते त्याचं खरं राजकीय शिक्षण इथलं, आणि चरित्रलेख नेमके हेच दोन ओळींत उरकतात.

पंतप्रधान डिझरायलीने त्याला भारताचा व्हाइसरॉय नेमलं. जानेवारी 1869 मध्ये त्याने सूत्रं घेतली तेव्हा लंडनमध्ये ग्लॅडस्टनचं सरकार आलं होतं, तरी नेमणूक टिकली. त्याच्या सरकारच्या 14 डिसेंबर 1870 च्या ठरावाने तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशा खात्यांचा खर्च ठरावीक रकमेसह प्रांतांकडे गेला. त्याच वर्षी कापसासाठी टाकलेला जलंब-खामगाव रेल्वेफाटा उघडायला तो वऱ्हाडात आला होता.

मेयोच्या चरित्रात शेर अली दोन आहेत. 1869 च्या अंबाला दरबारात भेटलेला तो अफगाणिस्तानचा अमीर. 8 फेब्रुवारी 1872 ला अंदमानात, माउंट हॅरिएट उतरून होपटाउनच्या धक्क्यावर आल्यावर अंधारात सुरा चालवून मेयोचा खून करणारा तो कैदी शेर अली आफ्रिदी. मेयोच्या पन्नाशीला 13 दिवस राहिले होते. त्याचं थडगं आयर्लंडच्या मेयो परगण्यात शोधू नका. ते किल्डेअरमधल्या जॉन्सटाउनच्या पडक्या चर्चमध्ये आहे.