देव पाण्यात

प्रिय चिऊ,

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस आणि मी "नंतर सांगतो" म्हणून विषय बदलला. तुझा प्रश्न असा होता: आजोबा दवाखान्यात असताना आजीने घरातले सगळे देव पाण्यात बुडवून ठेवले होते. तरी आजोबा गेलेच. मग त्याच देवांसमोर रोज संध्याकाळी बसून आजीला बरं कसं वाटतं? आणि त्यामागोमाग हळूच म्हणालीस, "मला सध्या काहीच बरं वाटत नाहीये, बाबा. मला असं कुठे जाऊन बसताच येत नाही." ते ऐकून मी गडबडलो. तोंडाने नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र.

देव पाण्यात ठेवणं ही आपल्याकडची जुनी रीत. घरावर संकट आलं की देव्हाऱ्यातला देव, बहुतेक घरांत गणपती, उचलून पाण्याच्या भांड्यात ठेवायचा आणि त्याला सांगायचं, काम झालं की बाहेर काढीन. मी तरी हे घरातल्या बायकांनाच करताना पाहिलंय, भटजींना कधी नाही. भाषेत ते इतकं मुरलंय की निवडणुकीच्या निकालाआधी पेपरवाले लिहितात, "उमेदवार देव पाण्यात घालून बसलेत."

तुला ती देवाला दिलेली शिक्षा वाटली. मलाही वाटायची. माझ्या दहावीच्या निकालाआधी आजीने आमचा पितळी गणपती तांब्याच्या घंगाळात ठेवला होता. मी दुपारी गुपचूप वाकून पाहिलं. पाण्यात तो होता त्यापेक्षा मोठा दिसत होता आणि सोंडेच्या वळणात हवेचा एक बुडबुडा अडकला होता. निकालाचं राहिलं बाजूला, मला त्याचीच काळजी लागली. आजी मात्र बाजूला बसून वाती वळत होती आणि त्याला बजावत होती, "पोराने अभ्यास केलाय, मी पाहिलंय. आता तुझं तू बघ." अगदी शेजारणीशी बोलावं तसं.

तो सूर माझ्या लक्षात राहिला. परक्या माणसाशी आपण असं बोलत नाही.

आपल्याकडे देवाशी भांडायला मुळी बंदीच नाही. कोकणात तर देवासमोरच्या मागणीचं नावच गाऱ्हाणं. गावकरी जमतात, एकजण ग्रामदेवतेला खणखणीत आवाजात सगळ्यांच्या अडचणी ऐकवतो आणि बाकीचे मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणतात. नामदेव महाराज विठ्ठलाला त्याच्या दारात उभं राहून सुनावतात, की पतितपावन असं तुझं नाव ऐकून आलो होतो, तसा तू काही दिसत नाहीस, म्हणून परत निघालो. निघाले मात्र नाहीत. पंढरपूरच्या देवळाच्या पहिल्या पायरीला आजही नामदेव पायरी म्हणतात.

तुकोबांचं तर ऐक. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. त्यांचा धंदा बसला, पहिली बायको "अन्न अन्न" करत गेली असं त्यांनीच लिहून ठेवलंय, मुलगाही गेला. याच तुकोबांनी एका अभंगात म्हटलंय, "माझे लेखीं देव मेला." पुढे म्हणतात, आता त्याच्या गोष्टी करणार नाही, नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. गंमत बघ, हे सांगायलाही त्यांनी अभंगच रचला. अबोला धरलाय हेसुद्धा ज्याला ऐकवावंसं वाटतं, त्याच्याशी खरंच तुटलेलं असतं का? (दुष्काळाने पीडलं ते बरंच झालं, असंही त्यांनी एके ठिकाणी म्हटलंय. ते मला अजून पचलेलं नाही. स्वतःच्या दुःखाबद्दल तुकोबांनी म्हणावं, आपण दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हणू नये.)

आणि हे सगळं ज्याला ऐकवायचं, तो विठोबा कसा उभा आहे? पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला. पुंडलिकाने वीट सरकवली आणि म्हणाला, थांब जरा. तो अजून थांबलाय, कमरेवर हात ठेवून. दारात थांबवलं तर जो थांबतो, तो पाण्यात ठेवलं म्हणून रागावेल, असं आजीच्या मनातसुद्धा येत नसणार.

आता आजोबांचं. त्या नऊ दिवसांत मी इथून व्हिडिओ कॉलवर होतो. आजी रोज घंगाळातलं पाणी बदलायची. दवाखान्यात डबा, औषधांच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून नेणं, यातलं काही तिने देवावर सोडलं नव्हतं. दहाव्या दिवशी पहाटे आजोबा गेले. मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि देव तसेच पाण्यात. सुतक होतं, घरातल्यांनी देवांना हात लावायचा नाही. आजी एकदम उठली, शेजारच्या काकूंना हाक मारली आणि म्हणाली, "त्यांना बाहेर काढा हो. किती दिवस भिजतायत. त्यांचंही काही चाललं नाही वाटतं."

काकूंनी एकेक देव काढून पंच्याने पुसला. आजी लांब उभी राहून सांगत होती, अन्नपूर्णेच्या पळीखाली पाणी राहतं, तिथे नीट पुसा. ती अन्नपूर्णा तिने माहेरून आणलेली. हे सांगतानाच तिला पहिल्यांदा रडू आलं, तोवर आलं नव्हतं.

"त्यांचंही काही चाललं नाही" या वाक्याने मी बरेच दिवस चक्रावलो होतो. देवाने ऐकलं नाही, असं ती म्हणालीच नाही. देव तिच्या बाजूचा होता, तिच्यासोबत नऊ दिवस थांबला आणि तिच्यासोबतच हरला, असं काहीसं तिने धरलं असावं. शास्त्रात हे बसतं का, मला ठाऊक नाही. तेराव्यानंतर ती स्वतः दिवा लावून बसली, ती मात्र याच बळावर.

मी काही रोज पूजा करणारा माणूस नाही, तू बघतेसच. तू सातवीत असताना माझी नोकरी गेली होती. त्या दिवशी मी गाडीत पाऊण तास बसून होतो आणि तोंडातून "विठ्ठला, हे काय रे" एवढंच निघालं. नोकरी परत आली नाही. पण "काय रे" म्हणायला कोणीतरी होतं. मग खाली उतरून घरात आलो आणि तुझ्या आईला सांगितलं. त्याआधी सांगता येत नव्हतं.

तुला देव पटत नाही म्हणालीस. नको पटू दे. पटलेल्यांनीही त्याला मेला म्हटलंय. पण रात्री खोलीत एकटी असशील तेव्हा जे कोणालाच सांगत नाहीस, ते एकदा मोठ्याने मराठीत बोलून बघ, भिंतीशी का होईना. आणि सकाळी अंथरुणातून उठवत नाही असं होत असेल, तर भिंतीवर थांबू नकोस. मला उठव, कितीही वाजता, आणि तुमच्या कॉलेजातल्या समुपदेशकांची वेळ घे. आजीनेही देव पाण्यात ठेवून डॉक्टर सोडले नव्हते.

शनिवारी आजीला फोन कर. तिचा दिवा लावून झाल्यावर कर, आधी नको, मध्येच उठावं लागलं की चिडते. तुझे दोन विषय राहिलेत हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. कळलं, तर गणपतीचं काही खरं नाही.

तुझा,
बाबा