आठवणीतलं वाचनालय कागदावर उतरवताना

शाई आणि जलरंगात चित्र काढताना सगळ्यात आधी क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेषा, ठरवा. मोठ्या माणसाच्या डोळ्यांची उंची साधारण दीड मीटर असते. तिथून काढलं की खोली नुसती खोली दिसते. रेषा 1 मीटरवर आणा, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाची नजर मिळते. कपाटं उंचच उंच होतात, टेबलाचा वरचा भाग जेमतेम पट्टीएवढा उरतो. खरी आठवण तिथेच आहे!

इमारतीचा फोटो समोर असेल तर एक बघा: फोन वर करून काढलेल्या फोटोत भिंती आत झुकतात. तशाच गिरवू नका, उभ्या रेषा सरळ करून घ्या.

कागद जाड, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम), शाई वॉटरप्रूफच. साधी शाई पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाचा हात फिरवला की, पसरते.

पुस्तकं एकेक काढत बसलात तर कपाट जाळीसारखं दिसतं. पाच-सहांचा गठ्ठा एका रंगात घ्या, मध्येच एखादं कललेलं, आणि पुस्तकांच्या वर, फळीखाली गडद सावली. ती विसरली की पुस्तकं भिंतीला चिकटवल्यासारखी वाटतात. खिडकीतला उजेड मात्र कोऱ्या कागदाचाच राहू द्या. नंतर पांढरा रंग लावून ती झळाळी येत नाही.