एमआरआय नॉर्मल आलाय, मग ऑटिझम कसा काय?

हा प्रश्न माझ्याकडे येणारे निम्मे आईबाबा तरी विचारतातच. मधे असंच एक जोडपं आलं होतं, मुलगा साडेतीन वर्षांचा, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. बाबांनी बसायच्या आधीच फिल्मचं पाकीट टेबलावर ठेवलं. "मॅडम, रिपोर्ट क्लीन आहे. पण हा दीड टेस्लावर झालाय, तीन टेस्लावर परत करू का?" (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद.)

एमआरआयमधे मेंदूची रचना दिसते, म्हणजे गाठ, जुनी इजा, पाणी साठणं वगैरे. ऑटिझममधे मेंदूत फरक असतात पण ते शेकडो मुलांची सरासरी काढल्यावर दिसतात, एका मुलाची फिल्म बघून कुठलाच रेडिओलॉजिस्ट हो किंवा नाही सांगू शकत नाही, मशीन कितीही भारी असू दे. 2017 मधे अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास झाला, ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा बाळांचे 6 आणि 12 महिन्यांना स्कॅन काढले आणि कुणाला पुढे ऑटिझम निघेल याचा कॉम्प्युटरचा अंदाज दहात साधारण आठ वेळा बरोबर आला. पण तो फक्त अशा भावंडांपुरता, आणि अजून संशोधनातच आहे. तुमच्या गावातल्या सेंटरला ते होत नाही. बरं, लहान मूल हलू नये म्हणून बहुतेक वेळा औषध देऊन झोपवावं लागतं, ते उगीच कशाला?

हे सगळं सांगितलं, बाबांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी परत तोच प्रश्न! मी एका माणसापेक्षा अख्ख्या घराकडे बघणारी समुपदेशक आहे, त्यामुळे कुणी एकाच गोष्टीला असं चिकटून बसलं की मला वाटतं हे दुसऱ्याच कुणासाठी चाललंय. मी विचारलं, "समजा स्कॅनमधे काहीतरी निघालं, तर घरी आधी कुणाला दाखवाल?"

बाबा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "सासूबाईंना." मग थांबून, "त्या म्हणतात मी नोकरी करते, पोराला मोबाईल देऊन बसवलं म्हणून हे झालं. मेंदूतच काही निघालं तर माझ्यावरचं जाईल ना."

बाबा नुसते बघत राहिले. आईला दोष द्यायची ही खोड जुनीच, अमेरिकेतल्या लिओ कॅनर या डॉक्टरने 1943 मधे ऑटिझमचं वर्णन केलं आणि नंतर कितीतरी वर्षं आईच्या थंड वागण्यामुळे हे होतं असं मोठमोठे डॉक्टर बोलायचे. 1977 च्या जुळ्यांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला, तेव्हापासून ते मागे पडलं, आपल्याकडे ती जागा आता मोबाईलने घेतलीय.

मी आजींना बोलावलं. त्यांना काहीच समजावलं नाही, फक्त विचारलं, नातवाला लाडू हवा असला की तो काय करतो?

"बोट नाही दाखवत. माझा हात धरतो नि डब्यावर ठेवतो."

"कधीपासून?"

"चालायला लागला तेव्हापासून की. हाक मारली तरी बघायचा नाही, मला वाटलं ऐकू येत नाही." मग स्वतःच, "पण तेव्हा तर मोबाईल नव्हता त्याच्या हातात."

सून रडली, आजी गप्प झाल्या. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि ते आणणं मला जमतं, एवढं म्हणायला हरकत नाही. शिवाय निदानाला लागणारी खरी माहिती त्या दोन वाक्यांत होती, जी कुठल्याच फिल्ममधे नसते.

आता वाचणाऱ्या पालकांसाठी. फिट येत असेल, शिकलेलं अचानक विसरत असेल, डोकं फार मोठं किंवा लहान असेल, एका बाजूला जोर कमी असेल आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर जरूर करा, वाद घालू नका. तो दुसरं काही नाही ना ते बघायला असतो. बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी तपासणी, मात्र आधी करून घ्या. बाकी पैसे स्पीच थेरपी आणि ओटीला (ऑक्युपेशनल थेरपीला) ठेवा, थांबू नका. आणि दिव्यांग सर्टिफिकेटसाठी जी आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय तपासणी होते त्यात 40 मुद्दे असतात, सगळे मूल कसं वागतं-बोलतं याचे. त्या दिवशी मुलाबरोबर जास्त वेळ जो असतो त्याला सोबत न्या, मग ती आजी असो नाहीतर सांभाळणाऱ्या मावशी.